दीपमाळेला वळसा

लिंबाची वाडी, ता. आटपाडी, जि. सांगली
४ ऑगस्ट १९७५

ती. अर्जुनामामांस,
अंजनाचा साष्टांग नमस्कार.

नोकरी लागून दोन महिने झाले तरी माझं पत्र नाही, म्हणून आईनं वाईहून दोन कार्डं पाठवली. दोन्हींत तुम्ही रागावल्याचं लिहिलंय. रागवा, पण हे पत्र वाचून मग रागवा. इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. शाळा पत्र्याची, मैदान म्हणजे उघडा माळ, आणि व्यायामशिक्षिकेचं सामान म्हणजे एक शिट्टी अन् तुम्ही दिलेलं स्टॉपवॉच.

परवा दुपारी आठवीच्या मुलींना खो-खो शिकवत होते. कुंपणापलीकडं धनगरांची मेंढरं चरत होती. एकाएकी मेंढरं फुटली, आरडाओरडा झाला. बघते तर लांडगा कोकरू तोंडात धरून माळानं निघालेला आणि त्याच्यामागं एक बाई. हातात काठी, नऊवारीचा कासोटा आवळलेला, पाय अनवाणी. बघता बघता दोघं टेकाडाआड गेले. मुली रडायला लागल्या. मी घड्याळ का दाबलं ते सांगता येणार नाही, हात आपोआप गेला. एकतीस मिनिटांनी ती परत आली. पळतच. खांद्यावर कोकरू, मानेला दात लागलेले, पण जिवंत.

मी धावत जाऊन विचारलं, "लांडगा कुठं गेला?"

"दमला," ती म्हणाली. "टाकून गेला."

मामा, हे सांगताना तिला धाप लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी ती वाट चालले, पावलं मोजली. जाऊन-येऊन साडेचार मैल भरले. माळ सगळा दगडगोट्यांचा आहे.

तिचं नाव हरणा. वय वीस-एकवीस. नवरा कोंडीबा, सासू धोंडुबाई, दीडशे मेंढरं. दिवाळी झाली की ही माणसं कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात आणि पावसाळ्याला परत येतात. शाळेत कधी गेलेली नाही. स्पर्धा म्हणजे काय तेही तिला ठाऊक नाही.

तुमचा विक्रम झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. कुणाच्या तरी खांद्यावर बसून मी तुम्हाला लोकांनी उचललेलं पाहिलं. त्या दिवसापासून धावणारी माणसंच बघत आलेय, शिकलेही तेच. पण असं धावणं मी पाहिलेलं नाही. हिला कसं तयार करू, ते सांगा.

तुमची,
अंजना

पायरवाडी, पो. मेढा, ता. जावळी, जि. सातारा
१६ ऑगस्ट १९७५

चि. अंजनास मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. राग गेला. लांडग्याची गोष्ट शर्यतीच्या मंडळाच्या पोरांना वाचून दाखवली. दोघं-तिघं हसली, त्यांना पंधरा उठाबशा काढाय लावल्या.

तू इचारलंस म्हणून सांगतो. रोज पळवू नगंस. एक दिस चढ, एक दिस सपाटी, एक दिस आराम. ही माणसं भाकरी आन् दुधावर असत्यात, त्यात काय बदलू नगं. बूट तर अजिबात घालू नगं, पाय बिघडंल. श्वास नाकानं. घड्याळ तिला दाखवायचं न्हाई, तू बघायचं.

हितलं सांगायचं तर आपली शर्यत आता लय मोठी झाली. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिशी असती, ते तुला ठावं हाय. भैरोबाच्या देवळापास्नं निघायचं, घाट चढून पठारावर जननीदेवीच्या दीपमाळेला वळसा घालायचा आन् माघारी भैरोबाला. साडेसात मैल. औंदा चाळीसच्या वर गडी येणार. मिल्ट्रीच्या फलटणीतनं रजेवर आल्याली पोरं बी येत्यात. एकोणीस वर्सं झाली, माझी येळ कुणी मोडली न्हाई. एकुणसाठ मिन्टं धा सेकंद. देवळाम्होरं दगडावर कोरून ठिवलीया, तू बगितलीयास. पासष्ट साली आपला केरबा जवळ आला हुता, साठ मिन्टं चाळीस. फुडल्या साली त्यो जिवावर उदार हून पळाला आन् घाटात कोसळला. गुडघा गेला त्यो गेलाच. आता दरसाल घड्याळ त्योच धरतो. घड्याळाच्या बाबतीत केरबासारखा माणूस न्हाई.

वर दीपमाळेपाशी मी दोन माणसं बसवतो. गड्याच्या मनगटावर शाईचा शिक्का मारत्यात. शिक्का न्हाई तर पळालेलं धरत न्हाई. माझ्या शर्यतीत लबाडी चालत न्हाई.

आन् एक. मेढ्याच्या वाटंला खेळाचं मैदान करायचं ठरलंय. सरपंच दादासो म्हणत्यात, सुभेदार, त्याला तुमचंच नाव द्यायचं. एक मंत्री उद्‌घाटनाला आणायचा घाट हाय. अंजना, मी काय पुढारी न्हाई. चोवीस वर्सं फलटणीत काढली. पर मी मेल्यावर बी पोरांनी माझ्या नावाकडं बघून पळावं, एवढी एक हाव हाय मला. ती लपवत न्हाई.

तुझा मामा,
अर्जुना शेलार, सुभेदार (रिटायर)

लिंबाची वाडी
२१ सप्टेंबर १९७५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं करतेय. पहिले आठ दिवस धोंडुबाईंची समजूत काढण्यात गेले. "पळून काय मिळतंय? लांडगा न्हाई, चोर न्हाई, आन् पळायचं कशापायी?" असं त्यांचं म्हणणं.  शेवटी कोंडीबा म्हणाला, "आये, तिला पळू वाटतंया." एवढंच. त्यावर म्हातारी काठी उचलून मेंढरांमागं गेली.

हरणाला माळावर एकटी धावायला सांगितलं की ती दोन मैलांत कंटाळते. मग एकदा मी शेजारच्या गावच्या हायस्कूलची चार मुलं बोलावली, जिल्ह्याला निवडलेली. ती मुलं पुढं निघाली आणि हरणाचं अंगच बदललं. मान खाली, खांदे सैल, पाऊल जमिनीला लागतंय की नाही कळेना. तिसऱ्या मैलाला तिनं सगळ्यांना गाठलं. नंतर म्हणाली, "बाई, फुडं कोण असलं की मला थांबवत न्हाई." मामा, शिकताना मी मोठमोठ्या स्पर्धा पाहिल्या आहेत. तिथं कुठं असं दिसलं नव्हतं.

आता मागणं मागते. तिला आपल्या शर्यतीत घ्या. बायकांसाठी इकडं आठशे मीटरच्या वर काही नाही आणि तेवढ्यात तिचं अंगही तापत नाही. डिसेंबरात त्यांचा कळप कऱ्हाडच्या बाजूला असतो. कोंडीबा घेऊन येईल.

अंजना

पायरवाडी
१ ऑक्टोबर १९७५

चि. अंजनास आशीर्वाद. न्हाई जमायचं. घाट अवघड हाय. बाई मानसाला काय झालं तर तोंड दाखवाय जागा उरायची न्हाई. पुन्हा इचारू नगंस. तुझ्या आईला, रंगुबाईला सांग, औंदा तांदूळ चांगला हाय, पोतं धाडतो.
मामा

पायरवाडी
२८ ऑक्टोबर १९७५

चि. अंजनास आशीर्वाद.

पोरीला आण.

मन कसं बदललं ते खरं सांगतो. साताऱ्याचा एक पेपरवाला आला हुता. बोलता बोलता मी तुझ्या लांडग्याची गोष्ट सांगितली. त्यो उठून बसला. म्हणाला, "सुभेदार, ती बाई पळणार असंल तर मी फोटोवाला घिऊन येतो, तुमची शर्यत मुंबईपतूर जाईल." दादासो बी म्हणाले, मंत्र्याच्या कानावर घालतो. तवा मी मनात म्हटलं, पळंना का. माझी येळ ती काय मोडत न्हाई, आन् शर्यतीचं नाव तर हुईल.

गडी मातर कुरकुरत्यात. बाईसंगं रांगंत हुबं ऱ्हाणार न्हाई म्हणत्यात. तिला रांगंच्या मागं हुबी करणार. चालंल का इचार.

मामा

लिंबाची वाडी
९ नोव्हेंबर १९७५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले. तुमच्या नावासाठी का होईना, तुम्ही दार उघडलंत. तिला मागं उभं राहण्याबद्दल विचारलं. ती हसली. "मागंच बरं. समदी दिसत्यात."

तुमची वेळ मी तिला सांगितली आहे, घड्याळाच्या भाषेत नाही. तुमच्या आधी एक माणूस पळून गेलाय आणि तो एकोणीस वर्षं कुणालाच सापडला नाही, एवढंच सांगितलं.  ती म्हणाली, "जित्ता हाय का?" मी म्हटलं, जिवंत आहे, माझा मामा आहे. "मंग त्याचं पाय बघायला मिळत्याल," म्हणाली.

परवा त्यांचा कळप निघाला. घोड्यावर बिऱ्हाड, पुढं कोंडीबा, मागं हरणा. एक वाईट बातमी आहे. शाळेची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आलीय, मला रजा नाही. मी नसणार. तुम्ही माझे डोळे व्हा आणि सगळं सविस्तर लिहा. काहीही गाळू नका.

अंजना

पायरवाडी
२३ डिसेंबर १९७५

चि. अंजनास आशीर्वाद. शर्यत पार पडली. तुझी पोरगी चांगली पळाली. पयली आली. साठ मिन्टं पाच सेकंद. माझी येळ राहिली. पेपरात येईल ते बघ. माझी तब्येत जरा नरम हाय, म्हणून जास्त लिवत न्हाई.
मामा

लिंबाची वाडी
३ जानेवारी १९७६

ती. मामांस,

कार्ड मिळालं. चार ओळींचं. मी महिनाभर त्या पत्राची वाट पाहत होते.

पेपरही पाहिला. मथळा आहे, 'सुभेदारांचा विक्रम अबाधित'. फोटो तुमचा आहे, लोकांनी खांद्यावर घेतलेला. हरणा कोपऱ्यात अर्धी दिसते, चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागं गेलाय. एक्केचाळीस गड्यांना मागं टाकून पहिली आलेली बाई!

काल कोंडीबा घरचं बघायला एक दिवस येऊन गेला. तो सांगत होता, वाटेनं ती एकच बोलत होती, "बाईंचा मामा मला गावला न्हाई." कळपाकडं गेल्यापासून ती पळत नाही म्हणे.

तुमचा विक्रम राहिला, तुमचं अभिनंदन करते. पण मामा, तुम्ही माझ्या लहानपणी घाटात माझ्याबरोबर धावायचात आणि मुद्दाम मागं राहायचात. तो मामा कुठं गेला, हे मला कळेना. पंचावन्न सेकंदांनी वाचलेल्या विक्रमाची एवढी भीती वाटली का, की तिच्याबद्दल चार चांगले शब्दही लिहवले नाहीत?

अंजना

पायरवाडी
१५ जानेवारी १९७६

चि. अंजनास,

काल संक्रांत झाली. सकाळधरनं लिवाय बसलोय. तीन कागद फाडले. तू लिवलंस ते खरं हाय, पर निम्मंच. समदं सांगतो. वाचून मला मामा म्हणायचं का न्हाई, ते तू ठरव.

आधी शर्यत. तू डोळं मागितलं हुतंस.

मी देवळाच्या चौथऱ्यावर दुर्बीण घिऊन हुबा. शिट्टी झाली. एक्केचाळीस गडी सुटले आन् मागनं ती. पयल्या मैलाला शेवटचीच. लोकं हसत हुती. मंग घाट लागला. अंजना, घाटात माणूस चढताना म्होरं वाकतो, हात मांडीवर येत्यात. ती वाकलीच न्हाई. विहिरीवरनं पाण्याची घागर घिऊन यावी तशी ताठ. एकेक गडी गळाय लागला, ती एकेकाला मागं टाकत चालली. पठाराच्या कडंला गेली तवा तिच्या म्होरं तीनच हुते, आन् तिघं बी फलटणीतले.

वरचं नानासोनं सांगितलं. त्यो शिक्का मारायला बसला हुता. ती दीपमाळेला वळसा घालून थांबली. थांबलीच! देवीच्या पायरीवर डोस्कं टेकलं, भंडारा कपाळाला लावला, मंग मनगट म्होरं केलं. नानासो वरडला, "अगं पळ की!" तर म्हणाली, "देवीच्या दारात आल्ये, चोरागत जाऊ व्हय?" पंधरा-वीस सेकंद तितं गेली.

उतारावर मी जे बगितलं ते मला लिवाय येत न्हाई. उतारावर आमी समदे दाबून पळतो, भ्या वाटतं म्हणून. ती दाबत न्हवती. वाटंवरचा दगूड न् दगूड जणू तिच्या वळखीचा हुता. तिघं बी फलटणीतले तिनं पाऊण मैलात मागं टाकले. पासष्टच्या लढाईत मी हुतो, मोठमोठे पळणारे बी बगितले. मी दुर्बीण खाली ठिवली आन् नुसत्या डोळ्यानं बघाय लागलो. समदं गाव गप झालं हुतं. तिच्या पायाचा आवाज आईकू यीत हुता, एवढं गप.

केरबानं घड्याळ दाबलं. "साठ मिन्टं पाच," म्हणाला आन् त्याच्या डोळ्याला पाणी आलं. मंग लोकांत एकदम सुस्कारा सुटला. "थोडक्यात गेलं! सुभेदाराचं राहिलं!" आन् लोकांनी मला उचललं. मला. ती पदरानं तोंड पुसत हुबी. मला खाली ठिवल्यावर म्होरं आली, वाकून माझ्या पायाकडं बगितलं आन् म्हणाली, "तुमी लय मोठं हाय, मामा. मला न्हाई गावला."

आता दुसरं.

छप्पन साली त्या दिशी पठारावर धुकं हुतं. हात लांब केला तर बोटं दिसत न्हवती. मी एकटाच म्होरं. दीपमाळेच्या अलीकडं, तीनशे कदमांवर एक हुबा धोंडा हाय. धुक्यात मला त्यो दीपमाळ वाटला. त्याला वळसा घालून मी माघारी फिरलो. वर राखणीला जो माणूस हुता, त्यो थंडीनं देवळात जाऊन बसला हुता. खाली आलो, येळ आईकली, तवा कळलं, वळसा धोंड्याला पडला. एवढं कमी हुणारच न्हाई, ते मला ठावं. तोंड उघडणार, तवर लोकांनी उचललं. पाटलानं फेटा बांधला. तुला कुणाच्या तरी खांद्यावर बगितली, टाळ्या वाजवत हुतीस. म्हटलं, उद्या सांगू.

त्याच रजंत तीन दिस पहाटं एकटाच खरा वळसा घालून पळून बगितला. बासष्ट मिन्टांच्या खाली एकदा बी आलो न्हाई.

त्यो उद्या एकोणीस वर्सं आला न्हाई. त्याच भ्यानं मी वर शिक्का बसवला, दुसऱ्या कुणी असं करू नये म्हणून. लोकं म्हणत्यात, सुभेदार लय कडक.

म्हणून कार्ड चार ओळींचं हुतं. त्या डोंगरावर आजपतूर तिच्याएवढं कुणीच पळालं न्हाई. आन् ते कळायला जगात एकच माणूस हाय, ज्यानं चोरी केली त्यो. दुसऱ्या कुणाला कळायचं बी न्हाई. मी गप राहिलो तर ती जलमभर हरलीच.

अर्जुना

लिंबाची वाडी
२४ जानेवारी १९७६

मामा,

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. पहिल्या वेळी इतका राग आला की बाहेर जाऊन माळावर चालत राहिले. मी ज्या दिवसामुळं ही वाट धरली, तो दिवसच खोटा निघाला. दुसऱ्या वेळी हरणाचं उतरणं वाचलं आणि रडले. तुमच्याशिवाय हे कुणी लिहू शकलं नसतं, हेही खरं आहे.

मामा म्हणायचं की नाही विचारलंत. वर लिहिलंय.

पण हे मला सांगून भागणार नाही. हरणा जूनशिवाय इकडं येत नाही. त्याआधी केरबाकाकांना सांगा. त्यांनी गुडघा कशापायी गमावला, ते त्यांना कळलं पाहिजे.

अंजना

पायरवाडी
२२ मार्च १९७६

चि. अंजनास आशीर्वाद.

दोन महिनं धीर झाला न्हाई. शिमग्याला देवळात बैठक बसली, मैदानाच्या उद्‌घाटनाची. दादासो मंत्र्याची तारीख सांगाय उठले, तवा मी म्हटलं, आधी माझं आईका. आन् समदं सांगितलं. धोंडा, धुकं, तीनशे कदम.

कुणाला खरं वाटंना. दादासो म्हणाले, "सुभेदार, शिमगा हाय म्हणून थट्टा करता व्हय?" मी भैरोबाच्या पायरीवर हात ठिवला.  मंग दादासो हळूच म्हणाले, "असंल बी. पर आता कशाला? ह्यात गावाचं नाव जातंय. तुमचं नाव आता तुमचं एकट्याचं राहिलंय का?" त्याचं बी काय चुकलं? एकोणीस वर्सं समद्या गावानं ते नाव अंगावर घातलं हुतं. म्हातारी अंबूबाई मातर कोपऱ्यातनं वरडली, "मंग ती धनगराची पोर पयली म्हणा की!" तिला कुणी बोलू दिलं न्हाई.

केरबा उठून गेला. लंगडत गेला त्यो आवाज आजून कानात हाय.

दुसऱ्या दिशी त्याच्या घरी गेलो. सोप्यात बसला हुता.

मी म्हटलं, "केरबा, तुझी साठ चाळीस खरी हुती. धा वर्सं तूच पयला हुतास."

त्यानं गुडघ्यावरनं हात फिरवला. मंग म्हणाला, "धा वर्सं मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. फुडल्या साली पुन्हा पळालो त्यो त्याच पायी. तुला गाठायला पळालो, अर्जुना. आन् तू तितं न्हवतासच."

"मला मार," मी म्हटलं.

"मारून गुडघा भरून येतोय का?"

त्याच्या बायकूनं, बनुबाईनं, दोन कप च्या आणला. त्यानं माझा कप माघारी न्यायला लावला.

त्या दिसापास्नं आमची बोलचाल न्हाई. मंत्री येणार न्हाई. मैदानाचं नाव नुसतं पायरवाडी मैदान. मंडळाचं पद मी सोडलं. दगडावरचं माझं नाव छिन्नी घिऊन मीच काढलं, तीन दिस लागले. काय लोकं वाटंत तोंड फिरवत्यात. पर अंजना, इतक्या वर्सांनी मला झोप लागती.

आन् डोळं मिटलं की ती उतरताना दिसती. ते कुणी काढून घेणार न्हाई.

हरणा आली की तिला हे तू वाचून दाखव. समदं. माझी चोरी बी गाळू नगंस.

मामा

लिंबाची वाडी
२७ जून १९७६

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

कळप गेल्या आठवड्यात परत आले. परवा हरणाकडं गेले. ती धोंडुबाईंबरोबर मेंढरांची लोकर कातरत होती. मी तुमची जानेवारीची आणि मार्चची, दोन्ही पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली. कोंडीबाही येऊन बसला.

चोरीचा भाग आला तेव्हा धोंडुबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं आपल्या तोंडानं सांगितलं? समद्या गावाम्होरं?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा तेच विचारलं. दहा महिन्यांपूर्वी याच बाई मला पळून काय मिळतं म्हणून विचारत होत्या. आता सुनेच्या पायांकडं टक लावून बघत होत्या. जणू ते पाय त्यांनी कधी बघितलेच नव्हते.

हरणानं सगळं ऐकलं. पहिला प्रश्न तुमच्याबद्दल नव्हता. "घड्याळवाल्या मामांचा पाय दुखतोय का आजून?" म्हणाली. मी म्हटलं, थंडीत दुखतो म्हणतात. त्यावर तिनं मान हलवली.

मग कातरणं सुरू केलं.  मला वाटलं, तिला राग आला असेल किंवा आनंद झाला असेल. दोन्ही नव्हतं. शेवटी कातर खाली ठेवून म्हणाली, "बाई, म्हंजी आता फुडं कुणीच न्हाई?"

"नाही हरणा. तूच सगळ्यांच्या पुढं आहेस. बायका, पुरुष, सगळ्यांच्या."

ती माळाकडं बघत राहिली. मामा, तिच्या चेहऱ्यावर भीती होती. लांडग्यामागं जाताना नव्हती, घाटात नव्हती, ती भीती. म्हणाली, "मंग कुणाच्या मागनं पळू? फुडं कोण नसलं की कसं पळत्यात, ते मामांना इचारा. ते लय वर्सं तितं हुतं."

 माझ्या पुस्तकांत ते नाही. तुम्ही लिहा. मी तिला वाचून दाखवीन.

अंजना

पायरवाडी
६ जुलै १९७६

चि. अंजनास आशीर्वाद. हे हरणाला वाचून दाखव.

पोरी, मला इचारू नगंस. मी तितं कवाच न्हवतो. एकोणीस वर्सं नुसतं तितं हाय असं दाखवत हुतो, आन् मान वळवून सारखं मागं बघत हुतो. म्होरं कसं असतं, ते मला ठावं न्हाई. ह्या डोंगरावर कुणालाच ठावं न्हाई. तितं पयली तूच गेलीयास.

बनुबाईकरवी केरबाचा निरोप आला. माझ्याशी त्यो आजून बोलत न्हाई. पर दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिशी घड्याळ त्योच धरणार हाय. आन् म्हणाला, पोरीला सांगा, औंदा गडी मागं हुबं ऱ्हात्याल.

तू ये. म्होरं मोकळ्या वाटंवर काय दिसतंय, ते खाली आल्यावर आमाला सांग.

अर्जुना शेलार